बर्फावरील फळ्या आणि त्यांची परीक्षा

बीड जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं, हें सांगण्यास प्राध्यापकाची गरज नाहीं. सन २०१४ च्या फाल्गुनांत मराठवाड्यावर गारपिटीचा कहर झाला, तेव्हां आमच्या बालाघाटावरील कांहीं शिवारें घटकाभर पांढरीं दिसलीं, एवढाच काय तो आमचा शुभ्र भूमीशीं परिचय. आणि तोही, ज्यांचा गहूं आडवा झाला त्यांस आठवावासा न वाटणारा. अशा मुलखांतील माणसानें बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्यांवर लेखणी उचलावी, याचें कारण वाचकांस सांगणें प्राप्त आहे.

पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें या फळ्यांचा एक नवा जोड विकत घेतला. कोणत्याही डोंगरावर, कसल्याही बर्फांत हा एकच जोड पुरेल, असें दुकानदाराचें म्हणणें. न पटल्यास पंधरा दिवसांत परत घेण्याचेंही त्यानें कबूल केलें होतें. किंमत ऐकून आमचे वडील बंधू म्हणाले, “एवढ्यांत बैल आला असता, आणि तो उन्हाळ्यांतही कामास पडला असता.” मुलगा फसला कीं नाहीं, तें पाहण्यासाठीं त्यांनीं आम्हांस त्याच्याबरोबर गुलमर्गला धाडलें. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तेव्हां जाण्यापूर्वीं या वस्तूचा पूर्ववृत्तांत पाहूं लागलों, आणि त्यांत गुंतलों.

‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा. मूळ अर्थ चिरलेल्या लांकडाची फळी. आमच्या एका संस्कृतज्ञ मित्रानें ‘हिमपादुका’ सुचविला. परंतु पादुका पूजेंत ठेवावयाच्या, पायांत घालून दरीकडे धांवावयाचें नाहीं, म्हणून आम्ही फळीच म्हणतों. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांत मोर्गेदाल म्हणून एक खेडें आहे. तेथील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) या गरीब कुळानें फळीची कंबर बारीक केली आणि टांच धरून ठेवणारा पिळाच्या काटक्यांचा बंध बसविला. फळी कुशीवर कलंडविली कीं कमरेच्या त्या बांकामुळें ती आपोआप वळूं लागते. सन १८६८ त क्रिस्तियानिया येथें, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरांत, नोरहाइमचें कौशल्य पाहून नगरवासी थक्क झाले. पुढें १८८८ त नान्सेननें पांच सोबत्यांसह फळ्यांवरून ग्रीनलंड ओलांडलें, आणि त्याच्या ग्रंथामुळें या फळ्यांचें वेड युरोपभर पसरलें.

पण ग्रीनलंडची हिमभूमी बहुशः सपाट, आणि आल्प्सचे उतार भिंतीसारखे. ऑस्ट्रियांतील लिलियनफेल्ड गांवच्या माथियास झ्डार्स्कीनें नॉर्वेची फळी त्या उतारांवर घालून पाहिली, व ती लांबीमुळें आणि सैल बंधामुळें तेथें निरुपयोगी ठरते असें त्यास दिसून आलें. त्यानें फळी आंखूड केली, बंधास पोलादी पट्टी लावली, आणि १८९६ च्या सुमारास आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली. नॉर्वेच्या अभिमान्यांस हें खपलें नाहीं, आणि वर्षानुवर्षें वाद माजला. दोन्ही पक्ष खरें बोलत होते. केवळ दोघांचें बर्फ निराळें होतें, एवढें मात्र कोणी बोलेना.

या फळीची प्रत्येक सुधारणा अशीच, जुन्या फळीला नवें बर्फ भेटल्यावर, झाली आहे. कठीण गोठलेल्या उतारावर लांकडाची कड गोलटून निसटते. म्हणून साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेट्नरनें १९२६ त पोलादी कडेचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत विमानाच्या कारखान्यांत काम केलेल्या हॉवर्ड हेडनें दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्यें गाभा बसवून फळ्या केल्या, आणि १९४७–४८ च्या हिवाळ्यांत पहिले सहा जोड व्हर्माँट संस्थानांतील स्टो येथील शिक्षकांच्या हातीं दिले. तेथें ते सहाही मोडले. त्यानें पुन्हां केले, पुन्हां मोडले. ही शर्यत जवळजवळ तीन वर्षें चालली. मोडलेली फळी नक्की कोठें मोडली तें पाहून त्यानें पुढची घडविली. ग्रंथ लिहिणाऱ्यांनींही टीकाकारांकडे इतक्या शांतपणें पाहिलें असतें तर मराठी वाङ्मयाचें भलें झालें असतें. असो. पुढें १९९३ त स्लोव्हेनियांतील एलान कारखान्याच्या युरी फ्रांको व पावेल श्कोफिच यांनीं कमरेचा बांक एकदम खोल केला, त्यामुळें नवशिक्यासही वळतां येऊं लागलें. आणि २००२ त शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेची फळी निघाली, ती मऊ बर्फावर तरंगावी म्हणून रुंद व दोन्ही टोंकांस उचललेली होती.

आतां रुंदीचा गुण आमच्या वाचकांस युरोपांत जाऊन शिकण्याचें कारण नाहीं. ऊंसतोडीस जाणारीं आमच्या जिल्ह्यांतील कुटुंबें ज्या टायरगाड्या हांकतात, त्या पाहाव्यात. लोखंडी धावेची जुनी गाडी मुरुमाच्या रस्त्यावर खुशाल पळते, पण ओल्या काळ्या रानांत रुतते. रबरी चाक रुंद असल्यानें भार पसरतो व गाडी वर राहते. मऊ बर्फ म्हणजे तें काळें रान, आणि गोठलेला उतार म्हणजे फरसबंदी. अरुंद फळी फरसबंदीवर चाकूसारखी धरते व मऊ बर्फांत बुडते. रुंद फळीचें उलट. सर्व बर्फांची म्हणून जी विकतात, ती या दोन वैऱ्यांमधील तह होय. आमच्या पुतण्याच्या फळीची कंबर ९४ मिलिमीटर, पुढचें टोंक थोडें उचललेलें, कंबरेखालीं जुन्यासारखी कमान.

गुलमर्गला या फळ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं आणल्या. मेजर हॅडो प्रभृतींचा ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ १९२७ चा. त्यांची ती करमणूक होती. काश्मीरच्या युद्धाच्या अखेरीस मात्र आपल्या सैन्यानें १९४८ त तेथेंच बर्फांतील युद्धाची शाळा काढली, आणि करमणुकीची फळी कर्तव्याची झाली. ती शाळा आजही आहे.

मोर्गेदाल एकुणसाठाव्या अक्षांशाजवळ, तर गुलमर्ग चौतिसाव्या. हा फरक आम्हांस तेथें पोहोंचल्यावरच उमगला. एवढ्या दक्षिणेस हिवाळ्यांतही सूर्य बराच वर येतो. दक्षिणाभिमुख उतार दुपारीं वितळतो व रात्रीं गोठतो, आणि उत्तरेकडील सांवलींत तेंच बर्फ पिठासारखें कोरडें राहतें. एका दिवसांत, एका डोंगरावर, सर्व ऋतु! फळीची परीक्षा घेण्यास याहून निष्ठुर परीक्षक कोठें मिळेल?

सकाळीं खालच्या उतारावर बर्फ कांचेसारखें होतें. फळीचें टोंक कांपूं लागलें, खरखर असा आवाज आम्ही उभे होतों तेथवर आला, आणि पुतण्या दोनदां बाजूस घसरला. बंधूंना काय सांगावें, याचीं वाक्यें आम्ही मनांत जुळवूं लागलों. नंतर पाळण्यानें अफरवटच्या खांद्यावर, सुमारें ३,९५० मीटर उंचीवर गेलों. तेथील सांवलींतल्या पिठांत मात्र तीच फळी निःशब्द चालली; मुलगा हंसत उतरला. दुपारीं चिखलवट बर्फांत ती जड झाली, पण बुडाली नाहीं. शेवटीं वाऱ्यानें बसविलेल्या पापुद्र्यावर, जेथें पाऊल कधीं टिकतें व कधीं फुटतें, तेथें तो असा पडला कीं एक फळी पायांतून सुटून वीस हात पुढें गेली. काश्मिरी शिक्षकानें ती आणून दिली, कडेवरून नख फिरविलें व म्हणाला कीं कडांस धार नाहीं. नव्या फळीस दुकानांतली धार पुरत नसते. त्यानें संध्याकाळीं कानस लावली. दुसऱ्या सकाळीं त्याच कांचेवर खरखर निम्म्याहून कमी झाली. अगदीं गेली नाहीं, आणि ९४ मिलिमीटरच्या फळीवर ती जाणारही नाहीं.

फळ्या परत केल्या नाहींत. पावसाळ्यांत कडांस गंज चढूं नये म्हणून मेण चोपडून त्या आमच्या आंबेजोगाईच्या माजघरांत, तुरीच्या पोत्यांमागें उभ्या करून ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर कारखान्याकडे निघालेला एक ओळखीचा ऊंसतोड कामगार निरोप घेण्यास आला, त्यानें त्या पाहिल्या, अंगठ्यानें कड चांचपली, फळी आडवी धरून तिची रुंदी निरखली, आणि विचारलें, “मास्तर, चिखलांत चालते का?” बंधू आमच्याकडे पाहूं लागले.