मुलींची शास्त्राभिरुचि

मुलामुलींच्या आवडीनिवडी उपजतच असतात, त्यांत आईबापांनीं किंवा शिक्षकांनीं करण्यासारखें फारसें कांहीं नसतें, असा समज आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षितांचाहि आहे. घरांतला मुलगा मोडक्या घड्याळाचीं चक्रें काढून बसला तर ‘हा पुढें इंजिनियर होणार’ असें आपण कौतुकानें म्हणतों. मुलगी तेंच करूं लागली तर आपणांस घड्याळाची काळजी वाटूं लागते. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षीं ती यंत्रविद्येकडे वळली नाहीं म्हणजे ‘तिला मुळीं आवडच नव्हती’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. हा निकाल कितपत न्याय्य आहे, तें आपल्याच देशाच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासावरून तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं अलीकडची स्थिति पाहूं. इ. स. २०१५ मध्यें ‘आर्थिक सहकार्य व विकास संघटना’ या आंतरराष्ट्रीय संस्थेनें अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, आणि तिसाव्या वर्षाच्या सुमारास तुम्ही कोणत्या व्यवसायांत असाल, असाहि प्रश्न त्यांस घातला. संघटनेच्या सभासद देशांत शास्त्राशीं निगडित व्यवसाय सांगणारांचें प्रमाण मुलग्यांत शेंकडा २५ व मुलींत शेंकडा २४ भरलें. म्हणजे फरक जवळजवळ नाहींच. परंतु तपशिलांत शिरतांच चित्र पालटतें. वैद्यकादि आरोग्यविषयक व्यवसाय सांगणाऱ्या मुली शेंकडा १७ होत्या, तर मुलगे अवघे ६. उलट इंजिनियर किंवा शास्त्रज्ञ होऊं म्हणणारे मुलगे शेंकडा १२ व मुली ५. संगणकाच्या धंद्यांत जाऊं म्हणणारे मुलगे शेंकडा ५ च्या जवळपास, आणि मुली अर्ध्या टक्क्याहूनहि कमी! आपल्या देशांतहि थोड्याफार फरकानें हाच प्रकार दिसतो. सरकारच्या २०२०-२१ च्या उच्चशिक्षणविषयक पाहणींत विज्ञान शाखेच्या सुमारें ५७ लक्ष विद्यार्थ्यांपैकीं २९॥ लक्ष मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. पण इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांत मुलींचें प्रमाण एक-तृतीयांशापेक्षांहि कमी होतें.

तेव्हां मुलींना शास्त्र आवडत नाहीं, हें विधान पहिल्याच पायरीवर कोसळतें. खरा प्रश्न निराळा आहे. शरीरशास्त्र व रसायन ज्यांस रुचतें त्यांस विद्युत्‌ व यंत्रें कां रुचूं नयेत? याचें उत्तर आमच्या मतें मुलींच्या स्वभावापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें. वैद्यकाचें दार स्त्रियांस आधीं उघडलें. यंत्रशाळेचें फार उशिरां उघडलें.

वैद्यकाचें दार उघडलें त्याचें कारणहि लक्षांत घेण्याजोगें आहे. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकांत घरोघर होत्या. आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. १८८३ सालीं श्रीरामपूर येथें जाहीर व्याख्यान देऊन, या देशास स्त्री-डॉक्टरांची गरज आहे म्हणून आपण अमेरिकेस जात आहों, असें त्यांनीं लोकांस सांगितलें. १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि पुढच्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस वयाच्या एकविसाव्या वर्षीं पुण्यास त्यांचा अंत झाला. एकाहि रोग्यावर स्वतंत्रपणें उपचार करण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तथापि वाट पडली होती. मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयानें १८७५ मध्यें आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजानें १८८३ मध्यें स्त्रियांस प्रवेश दिला. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांचा निधि निघाला. १८८६ मध्यें मुंबईस कामा हॉस्पिटल सुरू झालें. १८९४ मध्यें रखमाबाई लंडनहून वैद्यक शिकून परतल्या. समाजास स्त्री-डॉक्टर हवी होती, म्हणून मुलीला डॉक्टर होण्याची आवड असणें हळूहळू सभ्य ठरलें.

यंत्रांविषयीं अशी निकड कोणासच भासली नाहीं. मुलींनीं काय शिकावें हा वाद आपल्याकडे पेटला तेव्हां त्याचा रोंख भलतीकडेच होता. १८८४ सालीं रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनीं पुण्यास मुलींचें हायस्कूल काढलें. तेंच आजचें हुजूरपागा. तेथें मुलग्यांच्या शाळेसारखा इंग्रजीचा व गणिताचा अभ्यास ठेविल्याबद्दल टिळकपक्षाच्या पत्रांनीं कडक टीका केली. जिला पुढें संसार करावयाचा तिला शिवण-स्वयंपाक व गृहकृत्यें शिकवावीं, असें त्यांचें म्हणणें होतें. हे झाले विरोधक. पण ज्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं सारा जन्म वेंचला त्या अण्णासाहेब कर्व्यांनीं १९१६ मध्यें महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां जपानांतील स्त्री-विद्यापीठाचा कित्ता पुढें ठेवून त्यांनींहि गृहव्यवस्था व आरोग्य या विषयांस मानाचें स्थान दिलें. अण्णासाहेबांचें ऋण आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाहीं. त्यांच्यामुळें हजारों स्त्रियांस विद्येचें तोंड दिसलें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलीला घरीं काय लागेल, हा प्रश्न शत्रु-मित्र दोघांनींहि आधीं विचारला. तिला काय आवडतें, हा प्रश्न फारसा कोणीं विचारलाच नाहीं. मग त्याचें उत्तर कोठून मिळणार?

क्वचित्‌ एखाद्या घरांत हा प्रश्न आपोआप सुटला. कमला भागवत, पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांचे वडील व चुलते दोघेहि रसायनशास्त्राचे अभ्यासक, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत शिकलेले. घरांत जें रोज कानांवर पडे त्याचीच गोडी मुलीला लागली. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिली येऊन तिनें त्याच संस्थेंत अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हां एक वर्ष परीक्षाधीन म्हणून, आणि तिच्यामुळें पुरुष विद्यार्थ्यांचें लक्ष विचलित होऊं नये अशा अटीवर, तिला घेण्यांत आलें. वर्षअखेर तिचें काम पाहून संचालकांचें मत बदललें व संस्थेचें दार इतर मुलींसहि उघडलें. पुढें केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेसंबंधीं संशोधन करून १९३९ मध्यें तिनें डॉक्टरची पदवी घेतली. त्या दिवशीं बंगलोरहून ती निमूटपणें परत फिरली असती, तर ‘मुलींना संशोधनाची आवड नाहीं’ या मतास आणखी एक पुरावा मिळाला असता!

यंत्रविद्येची कथाहि अशीच आहे. मद्रासकडील ललिता या अठराव्या वर्षीं विधवा झाल्या, तेव्हां पदरीं चार महिन्यांची मुलगी होती. वडील गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजांत विद्युत्‌शास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं वरिष्ठांची परवानगी मिळवून १९४० मध्यें मुलीला तेथें दाखल केलें. १९४३ मध्यें तिनें अभ्यास पुरा केला. पदवीपत्रावर छापलेला ‘तो’ या अर्थाचा शब्द खोडून त्या जागीं ‘ती’ असें लिहावें लागलें. स्त्री इंजिनियर होईल ही कल्पनाच तें पत्रक छापणारास शिवली नव्हती. पुढें याच ललिताबाईंनीं भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत्‌यंत्रांच्या कामांत भाग घेतला. पण दारावरची पाटी इतक्यानें पुसली गेली नाहीं. १९७४ मध्येंहि पुण्याच्या एका मोठ्या मोटार-कारखान्यानें, स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत, अशी सूचना जाहिरातींत छापली होती. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीनें थेट जे. आर. डी. टाटांस पोस्टकार्ड लिहिलें, तेव्हां तिला मुलाखतीस बोलावणें आलें व नोकरीहि मिळाली.

स्त्रीपुरुषांच्या अभिरुचींत स्वभावतः कांहींच भेद नसेल, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ज्या दारावर ‘येथें येऊं नये’ अशी पाटी होती त्या दारांतून कोणी आलें नाहीं, यावरून कोणाची आवड मोजतां येत नाहीं. पाटी काढल्यावर काय घडतें, याचा अनुभव अगदीं अलीकडचा आहे. देशांतील भारतीय तंत्रज्ञान संस्थांत २०१६ सालीं नव्या प्रवेशांत मुली शेंकडा ८ च्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलग्यांच्या जागा कमी न करितां मुलींसाठीं जादा जागा ठेविल्या गेल्या, आणि २०२० पर्यंत हें प्रमाण शेंकडा २० वर गेलें. जागा ठेविल्या म्हणून त्या आल्या, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. परंतु प्रवेशपरीक्षा त्यांसहि उत्तीर्ण व्हावीच लागली. चार वर्षांत मुलींचा स्वभाव पालटला असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. त्या मुली पूर्वींहि होत्या. कोणी त्यांस परगांवीं पाठविलें नसेल, कोणी शिकवणीचा खर्च भावासाठीं राखून ठेविला असेल.

म्हणून पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. पंधराव्या वर्षीं मुलीला तिची आवड विचारावी, हें योग्यच. परंतु त्यापूर्वींच्या पंधरा वर्षांत तिच्या हातीं काय दिलें, घरांत तिच्या कानांवर काय पडलें, याचा हिशेब आधीं स्वतःशीं करावा. कमलाबाईंच्या घरीं रसायनाच्या गोष्टी होत्या, ललिताबाईंच्या घरीं विद्युत्‌शास्त्र होतें. आपल्या घरीं निदान एक मोडकें घड्याळ तरी असेल. तें मुलीच्या हातीं द्यावें, आणि तें बिघडेल याची काळजी करूं नये.