कसब कोणाचे म्हणायचे?

गल्लीत कपडे शिवणारा पुरुष असला की आपण त्याला ‘मास्तर’ म्हणतो. त्याच गल्लीत एखादी बाई घरी मशीन चालवीत असली, तर ‘बसल्या बसल्या चार टाके घालते, तेवढाच संसाराला हातभार’ असे म्हणून मोकळे होतो. यंत्र तेच, कापड तेच, टाकाही तोच. बदलते ते नाव, आणि नावाबरोबर दाम. हा भेद केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. १९६८ साली इंग्लंडमध्ये शिवणकाम करणाऱ्या बायकांनी याच भेदापायी एका बलाढ्य मोटार कंपनीचे काम बंद पाडले. हा संप ‘समान वेतनाचा लढा’ म्हणून इतिहासात नोंदला गेला. परंतु त्या बायकांचे मूळ मागणे काय होते, हे सांगायचे बहुधा राहूनच जाते.

लंडनच्या पूर्वेस, थेम्स नदीच्या काठी डॅगनम येथे फोर्ड कंपनीचा अवाढव्य कारखाना होता. हजारो पुरुष कामगारांच्या त्या पसाऱ्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या बायका होत्या अवघ्या १८७. कामावर घेण्यापूर्वी त्यांची यंत्रावर परीक्षा होई. हात बसलेला नसेल तर नोकरी मिळत नसे. असे असूनही १९६७ साली कंपनीने कामांची नवी प्रतवारी लावली, तेव्हा हे काम कमी कसबाचे ठरवले गेले. प्रतवारीत एकूण पाच श्रेणी होत्या. ‘ए’ सर्वांत खालची आणि ‘ई’ सर्वांत वरची. बायकांना ‘बी’ मिळाली. त्यांचे म्हणणे होते की आमचे काम ‘सी’चे आहे.

यात आणखी एक गोम होती. त्या खालच्या श्रेणीतही पुरुषाला शंभर मिळत तेव्हा बाईला ८५ मिळत. म्हणजे अन्याय दुहेरी होता. एक उघड, आकड्यांत मोजता येणारा. दुसरा कामाच्या नावातच दडलेला. बायकांना अधिक झोंबला तो दुसरा. आमच्या हातात कसब आहे हे कंपनी परीक्षा घेताना मान्य करते आणि पगार ठरवताना विसरते, अशी त्यांची तक्रार होती.

७ जून १९६८ रोजी त्यांनी यंत्रे बंद ठेवली. लिव्हरपूलजवळच्या हेलवूड येथील फोर्डच्या कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकाही त्यांना येऊन मिळाल्या. आसनाशिवाय मोटार विकता येत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा सर्वांच्या ध्यानात आली. साठा संपला, उत्पादन थांबले, पुरुष कामगारांना घरी बसावे लागले. मग कुरबुर सुरू झाली. बायकांची कमाई ती काय, वरखर्चापुरती. त्यासाठी कर्त्या माणसांच्या पोटावर पाय कशाला? संघटनेत वर्षानुवर्षे एकमेकांना ‘बंधू’ म्हणणाऱ्यांपैकी सगळेच काही या भगिनींच्या पाठीशी नव्हते. रोझ बोलंड यांच्यासारख्या कामगार प्रतिनिधी मात्र मागे हटल्या नाहीत.

तीन आठवडे लोटले. अखेर रोजगार खात्याच्या मंत्री बार्बरा कॅसल यांनी २८ जूनला संपकरी बायकांना भेटीस बोलावले. चहापान झाले, बोलणी झाली. बायकांचा दर ८५ वरून ९२ टक्क्यांवर नेण्याचे ठरले. श्रेणीचा प्रश्न चौकशी समितीकडे गेला. बायका कामावर परतल्या. पैसे वाढले, श्रेणी मात्र वाढली नाही. समितीनंतरही त्या ‘बी’मध्येच राहिल्या.

या संपाने देश ढवळून निघाला, यात शंका नाही. मे १९६९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात समान वेतनासाठी मोठी सभा भरली, आणि १९७० साली समान वेतनाचा कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी मात्र १९७५ च्या डिसेंबर अखेरीस सुरू झाली. मालकांना तयारीसाठी मिळालेल्या या पाच वर्षांत काहींनी कामांची नावे व वर्गवारी अशी बदलून घेतली, की बाईची तुलना पुरुषाशी होऊच नये.

कायद्यातली पळवाट इथेच होती. तो म्हणत होता, काम तेच किंवा त्यासारखे असेल, अथवा प्रतवारीत समान ठरले असेल, तर वेतन समान द्या. पण जे काम केवळ बायकाच करतात, त्याची तुलना करायची कोणाशी? आणि प्रतवारी लावणार कोण? मालकच! १९८२ साली युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला याबद्दल दोषी ठरवले. त्यानंतर १९८४ च्या आरंभापासून ‘समान मोलाच्या कामास समान वेतन’ हे तत्त्व तेथील कायद्यात आले. काम वेगळे असले तरी त्याचे मोल समान असू शकते, हे तेव्हा कुठे मान्य झाले.

त्याच वर्षाअखेर डॅगनमच्या शिवणकाम करणाऱ्या बायका पुन्हा संपावर गेल्या. पुन्हा आसने अडली, पुन्हा मोटारी थांबल्या. या खेपेस तटस्थ मंडळींनी कामाची नव्याने पाहणी केली आणि त्यांना ‘सी’ श्रेणी मिळाली. १९६८ च्या जूनमध्ये जे मागितले होते, ते पदरात पडायला सोळा वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

२०१० साली या संपावर इंग्रजीत चित्रपट निघाला, तेव्हा समान वेतनाच्या जनक म्हणून या बायकांचा गौरव झाला. तो योग्यच होता. पण त्यांच्यापैकी काहीजणी हयात होत्या, आणि त्या सांगत राहिल्या की आमचे भांडण मुळात श्रेणीचे होते.

पगाराची वाढ तीन आठवड्यांत झाली, कारण ती देताना कंपनीला आपले मत बदलावे लागत नव्हते. शिवणकाम हे बाईला जन्मतःच येते, ते शिकावे लागत नाही, म्हणून ते कसब नव्हे, ही समजूत तशीच ठेवूनही चार पैसे जास्त देता येतात. समजूत सोडायला सोळा वर्षे लागली. आपल्या गल्लीतल्या त्या बाईकडे ब्लाउज शिवायला टाकताना आपण घासाघीस करतो आणि मास्तर सांगेल तो दर मुकाट्याने देतो. त्या वेळी डॅगनमच्या त्या १८७ जणींची आठवण झाली, तर बरे होईल.