अळंब्यांवरची स्वारी

आज एका स्वारीची गोष्ट. साल १८६८, मुक्काम इंग्लंडातलं हेरफर्ड. मोहिमेवर निघालेत डॉक्टर, पाद्री आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी. हातात टोपल्या, आणि शोध रानातल्या अळंब्यांचा.

वूलहोप नॅचरलिस्ट्स फील्ड क्लब हे हौशी निसर्ग-अभ्यासकांचं मंडळ १८५१ सालचं. त्यातले डॉ. हेन्री ग्रेव्ह्ज बुल यांच्या पुढाकारानं ही सहल निघाली. तिला नाव मिळालं ‘फोरे’, म्हणजे धाड किंवा स्वारी. गमतीनं पडलेलं हे नाव असं चिकटलं, की इंग्रजीत अशा सहलीला आजही तेच म्हणतात.

सर्वसामान्य इंग्रज माणूस तेव्हा कुरणातली एक अळंबी तेवढी खायचा. उरलेल्या सगळ्या ‘टोडस्टूल’, पायानं उडवून द्यायच्या. आपल्याकडे तरी काय वेगळं? एक अळंबी, दुसरी कुत्र्याची छत्री, झालं वर्गीकरण! (कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी नेमकी ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे मात्र कबूल करायला हवं.) चार्ल्स डेव्हिड बॅडम यांनी १८४७ मध्येच पुस्तक लिहून हळहळ व्यक्त केली होती, की गरिबांच्या पोटात जाऊ शकेल असं चांगलं अन्न झाडांखाली कुजून जातंय. आता गंमत बघा. गरिबांसाठी सुरू झालेला हा विचार हेरफर्डच्या ग्रीन ड्रॅगन हॉटेलातल्या मेजवानीपर्यंत पोचला. तिथे अळंब्यांचे पदार्थ खाणारे सगळे खाऊन-पिऊन सुखी होते.

पण या मेजवान्यांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते टोपल्या रिकाम्या करायचं टेबल. या हौशी वर्तुळातले चित्रकार वर्दिंग्टन स्मिथ यांनी एकदा ‘एन्टोलोमा’ जातीची एक अळंबी चाखली. जेमतेम पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम; आणि ते मरता मरता वाचले. हा अनुभव त्यांनी १८६७ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवला. एवढ्या जाणकाराची ही गत!

सोप्या खुणा तर सगळ्या देशांत सांगतात. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, टोपीची साल सुटली तर चांगली. यातली एकही खरी नाही. ‘डेथ कॅप’ची साल छान सुटते, गोगलगायी ती खातात, आणि शिजवल्यानं तिचं विष जात नाही. त्रास सुरू होतो सहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा. मग उलट्या-जुलाब थांबून माणूस बरा झाल्यासारखा दिसतो, आणि आत यकृत निकामी होत असतं. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, त्यांत बरीचशी चहामळ्यांतली. हौस म्हणून वेचलेली नव्हती ती; घरच्या जेवणासाठी आणलेली होती.

म्हणून एकेक जात मुळापासून ओळखावी लागते, अगदी शब्दशः. डेथ कॅपच्या बुडाशी एक पिशवी असते. सुरीनं देठ कापून आणला, तर ती पिशवी मातीतच राहते आणि मुख्य पुरावा हरवतो. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. डेथ कॅपचा पांढरा, कुरणातल्या खायच्या अळंबीचा गडद तपकिरी. हे सगळं पुस्तकात असतंच, पण आपल्या हातातली टोपी पुस्तकातली तीच, हे ठरवायला शेजारी दुसरी नजर लागते. ‘अहो, हिचं बूड कुठंय?’ असं विचारणारी.

पुढे १८९६ मध्ये ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिनंही या स्वाऱ्या चालू ठेवल्या. शास्त्रज्ञ आणि हौशी लोक एकाच टेबलाशी.

अटलांटिकपलीकडे या नादाला एक अजब पुढारी लाभला : जॉन केज, चार मिनिटं तेहतीस सेकंद वादकांना गप्प बसवणारा संगीतकार. इटलीच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत अळंब्यांवरची उत्तरं देऊन यानं ५० लाख लिरा जिंकले. नंतर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये त्यानं गाय निअरिंग या जाणकाराबरोबर अळंबी ओळखायचा वर्ग घेतला. त्याच मंडळींतून १९६२ मध्ये न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटी उभी राहिली. तिच्या सहली अजून निघतात, आणि वेचून आणलेलं सगळं आधी सर्वांसमोर मांडून ओळखलं जातं.