शकुंतलेचे रूळ आणि सायकलची वाट

#थ्रेड

१/ यवतमाळ ते मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या मार्गावर आता गाडी धावत नाही. कुठे रुळांवर झुडपे माजली आहेत, कुठे स्थानकाच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. विदर्भाने जिला ‘शकुंतला’ म्हणून जिव्हाळ्याने हाक मारली, त्या गाडीच्या मार्गाचे पुढे काय व्हावे, हा या लेखनाचा विषय.

२/ आरंभ कापसापासून. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली.

३/ मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. तो मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा असा गेला. यवतमाळ मात्र दक्षिणेला बाजूलाच राहिले. तिथला कापूस बैलबंड्यांवर लादून मुख्य मार्गापर्यंत न्यावा लागे. पावसात काळी माती चिकट झाली की बंडीचे चाक जागीच रुतून बसे.

४/ ही उणीव भरून काढली खासगी भांडवलाने. मुंबईतील किलिक निक्सन या इंग्रज पेढीने ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ उभी केली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत यवतमाळ-मूर्तिजापूर, मूर्तिजापूर-अचलपूर आणि पुलगाव-आर्वी हे तीन मार्ग उभे राहिले. रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर, अर्थात अडीच फूट. अरुंद मार्गाला जमीन, भराव, पूल हे सारेच कमी लागे.

५/ जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी या चिमुकल्या गाडीने मूर्तिजापूरला येत, तिथे मोठ्या गाडीत चढत आणि मुंबई बंदरातून विलायतेला जात. व्यापारासाठी घातलेला हा मार्ग पुढे माणसांचा झाला. दारव्हा, कारंजा आणि वाटेवरच्या खेड्यांतील मजूर, विद्यार्थी, बाजारकरी यांना परवडणारे वाहन हेच होते.

६/ १९२१ मध्ये मँचेस्टर येथे घडवलेले बाष्पइंजिन १९२३ पासून या मार्गावर आले आणि तब्बल सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ज्या भागातील गिरण्यांसाठी इथला कापूस जात होता, तिथलेच इंजिन तो ओढत होते, हा वसाहतीच्या अर्थकारणाचा बोलका दाखला.

७/ एका लोकप्रिय समजाचा निरास आवश्यक आहे. ‘या रेल्वेसाठी भारत अजूनही इंग्रजांना खंडणी देतो’ असा संदेश वारंवार फिरतो. वस्तुस्थिती अशी, की मार्ग कंपनीच्या मालकीचा आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे, असा तो करार होता. स्वातंत्र्यानंतरही तो टिकला. परंतु किलिक निक्सन ही पेढी पुढे भारतीय मालकांच्या हाती आली. प्रश्न गुलामीचा नसून विभागलेल्या मालकीचा होता. मालक एक, चालक दुसरा. अशा मार्गावर नवा पैसा कोणी घालायचा, हे कधी नीट ठरलेच नाही.

८/ परिणाम व्हायचा तोच झाला. रूळ जीर्ण झाले, वेग मंदावला, प्रवासी एसटीकडे आणि दुचाकीकडे वळले. गेल्या दशकात गाड्या टप्प्याटप्प्याने थांबल्या. २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली. लोक आजही त्याचीच मागणी करत आहेत.

९/ आता जगातील एक उदाहरण. अमेरिकेत व्हर्जिनियात ‘वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन’ हा लोहमार्ग १९६८ मध्ये बंद पडला. आज त्याच पट्ट्यावर सुमारे ७२ किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग आहे. वॉशिंग्टनच्या उपनगरांतून तो फॉल्स चर्च, व्हिएन्ना, रेस्टन, लीसबर्ग असा पर्सेलव्हिलपर्यंत जातो. रुंदी सुमारे शंभर फूट. म्हणून गमतीने त्याला राज्यातील सर्वांत सडपातळ उद्यान म्हणतात.

१०/ हे घडू शकले, कारण पट्टा तुटला नाही. रेल्वे बंद होताच वीज कंपनीने तो घेतला व त्यावरून तारा नेल्या. पुढे उद्यान प्राधिकरणाने तो विकत घेऊन सायकलींना खुला केला. जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली असती, तर ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य ठरले असते.

११/ आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. म्हणून लोहमार्गाचा भराव सायकललाही अनुकूल असतो: सौम्य चढण, लांब वळणे, ओढ्यांवर आयते पूल. १९८३ मध्ये अमेरिकेने कायद्यातच तरतूद केली, की बंद मार्ग तूर्त पायवाट किंवा सायकलवाट म्हणून जपावा आणि गरज पडल्यास तिथे पुन्हा गाडी आणावी.

१२/ तथापि ही कल्पना यवतमाळला जशीच्या तशी लागू करणे अन्यायाचे ठरेल. तिथे गाडी गेली, तेव्हा उपनगरातील घरोघरी मोटार होती. सायकल ही सुटीची हौस ठरली. इथे गाडी गेली, तेव्हा गरिबाचे तिकीट गेले. रेल्वे मागणाऱ्याच्या हाती उद्यान देणे, हे उत्तर होऊ शकत नाही.

१३/ मात्र एक शक्यता तपासण्याजोगी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग उभा राहत आहे. त्यातील वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. यवतमाळ आणि दारव्हा ही दोन्ही गावे त्या मार्गावर येतात. अर्थात या दोन गावांमधील जुन्या पट्ट्यावर पुन्हा गाडीच हवी, असा आग्रह उरणार नाही. दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर या भागाची स्थिती वेगळी. तिथे रेल्वेचीच गरज आहे.

१४/ यवतमाळ-दारव्हा पट्ट्यावर साधी डांबरी वाट झाली, तर तिचा पहिला लाभ पर्यटकाला होणार नाही. शासनाच्या योजनेतून सायकल मिळालेली, पण ट्रक धावणाऱ्या रस्त्याने जीव मुठीत धरून शाळेत जाणारी मुलगी तिची खरी वारसदार असेल.

१५/ रेल्वे यावी की सायकल, हा वाद पुढेही चालेल. दोन्हींची पूर्वअट एकच: पट्टा अखंड राहणे. रूळ पुन्हा टाकता येतात, डांबरही अंथरता येते; पण अतिक्रमणात आणि तुकडेवाटपात गेलेली सलग जमीन परत मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी कापसासाठी आखलेली ती रेघ नकाशावर जपणे, हे आजचे पहिले काम आहे.

(समाप्त)