काचेवरचा कागद

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोटारींची टंचाई सरली, विक्रेत्यांत चुरस लागली आणि त्या चुरशीतून गिऱ्हाइकाला भुरळ घालणारी एक रीत बोकाळली: नव्या गाडीची किंमत आधी मनमानी चढवायची आणि मग तीच वाढीव रक्कम जुन्या गाडीच्या मोबदल्यात उदार हस्ते दिल्याचा आव आणायचा. कारखान्याने सुचविलेला दर समोर नसल्यामुळे आपल्याला खरोखर सूट मिळाली किंवा कसे, याचा निवाडा करण्याचे साधनच गिऱ्हाइकापाशी नव्हते.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला. त्यान्वये मूळ किंमत, जादा साहित्याचा आकार, वाहतूक खर्च आणि एकूण रक्कम यांचा तपशील देणारा कागद कारखानदाराने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर चिकटवणे, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो कोणीही न काढणे, बंधनकारक ठरले. कायद्याने किंमत बांधून दिली नाही. घासाघीस पूर्ववत चालू राहिली, मात्र तिला एक प्रकट आधार लाभला. जुन्या गाडीचे मोल आणि नव्या गाडीची किंमत यांचे हिशेब वेगळे मांडण्याचे शहाणपण त्यामुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आणि बाजारातील न्याय विक्रेत्याच्या सौजन्यापेक्षा उघड्या हिशेबावरच अधिक भक्कमपणे उभा राहतो, अशी माझी दृढ धारणा आहे.