दप्तराबाहेरचे मरण

सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या उमरगा तालुक्यातील मुरुम या गावी माणूस मेला, तर सरकारदरबारी त्या मरणाची किंमत बहुधा साथीवरून ठरे. पटकी, देवी आणि प्लेग यांची दहशतच एवढी, की जो रोग एकाच घरातील एकाच माणसाला महिनोन्महिने पोखरीत राही, त्याच्या वाट्याला ना साथीची प्रतिष्ठा येई, ना धड नाव. सुश्रुतापासून चालत आलेला ‘अर्बुद’ हा शब्द वैद्यांच्या पोथीत होता; ‘कर्करोग’ हा ग्रीकांच्या खेकड्यावरून बेतलेला शब्द मराठीत पुष्कळ उशिरा रुजला. घरच्या माणसांपाशी मात्र ‘गाठ’ होती, ‘दुखणे’ होते, आणि बायकांच्या बाबतीत ‘अंगावर जाणे’ होते. हे शेवटचे दुखणे सासूला सांगावयाचे नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही, अशी रीत असल्यामुळे ते उघड होई तेव्हा बाई अंथरुणाला खिळलेली असे, आणि मग घराने उरलेले दिवस मोजण्यापलीकडे काही करण्यासारखे राहत नसे.

मरणाविषयी या भागातील माणूस अनभिज्ञ होता असे मात्र कोणी समजू नये. लिंगायताच्या घरी गेलेला माणूस लिंगैक्य होतो, वारकऱ्याच्या घरी वैकुंठवासी होतो, मुसलमानाच्या घरी त्याचा इंतकाल होतो. तिन्ही शब्दांत मरणाला एक मुक्काम आहे, आणि तेथवर पोचण्याची वेळ ठरविणारा कोणी दुसराच आहे. कर्करोगाने धक्का दिला तो या दुसऱ्या समजुतीला.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू व मुखाचा कर्करोग यांच्या नात्याचा अभ्यास केला. परंतु मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात सामील झाल्यावरही मुरुमपासून परळ चारशे किलोमीटरांहून दूरच राहिले. ‘टाटाला नेले’ हे दोन शब्द कानी आले, की ऐकणारा पुढचे काही विचारीत नसे. जमिनीचा तुकडा गहाण पडला असेल, एक मुलगा शाळा सोडून सोबतीला गेला असेल, हे न सांगताच कळत असे.

पुढे बार्शीस डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने, १९८१ साली कर्करोगानेच निवर्तलेल्या नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभे राहिले, आणि १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. शहरांतील नोंदणीचे कारकून रुग्णालयांची दप्तरे चाळीत. येथे दप्तरच नव्हते, म्हणून कार्यकर्ते बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावोगाव हिंडले, लक्षणे असलेल्या माणसांना शोधून त्यांनी दवाखान्याची वाट दाखविली. खानेसुमारीचा हा प्रकार मला जमाबंदीपेक्षा थोर वाटतो. त्या मोजणीत बायकांमध्ये अग्रभागी निघाला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग, लोकांच्या भाषेत ‘पिशवीचा’.

१९९९ साली आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, त्याहून मोठे काम आरंभले. ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे आरोग्यकेंद्रांच्या हद्दींप्रमाणे चार गट पाडले: एकात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरमधले आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीच्या सोयींपलीकडे काही नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू-तपासणीच्या गटात, ३४,१२६ स्त्रियांत, या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींना मृत्यू घटविण्यात तसे निर्णायक यश आले नाही.

जगाने हे आकडे वाचले आणि त्यांवरून धोरणे बेतली, हे खरेच; परंतु चौसष्टांपैकी एखादीच्या घरात हा तक्ता उघडला, तर तो तेथे कसा वाचला जाईल, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तुलनेसाठी कोणी तरी तपासणीवाचून राहावे लागते, हे शास्त्र मी जाणतो; आणि ज्यांची आई त्या चौथ्या गटात होती, त्यांच्यापुढे ते शास्त्र मांडण्याचे धैर्य मात्र माझ्यापाशी नाही.

मागची पिढी ‘प्रारब्ध’ म्हणून डोळे पुसे. आताची लेक ‘कधीपासून जात होते?’ असे विचारते, आणि तारखा मागे मागे नेत एखाद्या दिवाळीवर, एखाद्या लग्नावर येऊन थांबते. ‘टाटाला नेले’ याच्या जोडीला आता ‘बार्शीला दाखवून आणले’ असेही कानी येते, आणि त्या ‘आणले’मध्ये परतीचा प्रवास आहे. तरीही एखाद्या माजघरात ‘अंगावर जाते’ हे वाक्य अजून दबक्या आवाजातच उच्चारले जाते, आणि बाहेर ओसरीवर बसलेल्यांना ते ऐकू येत नाही.