सणाचा दिवस, घर सोडण्याचा दिवस

आज आपण इटलीला जाऊ या, 11 नोव्हेंबरच्या सणाला. हा सेंट मार्टिनचा दिवस. तिकडे त्याला ‘सान मार्तिनो’ म्हणतात. थंडी पडू लागलेली असते, द्राक्षांची नवी वाइन तयार झालेली असते. चुलीवर चेस्टनट भाजतात. आपली फणसाची आठळी भाजल्यावर लागते, साधारण तशी त्याची चव, थोडी गोडसर. व्हेनिसमध्ये मुलं भांडी बडवत खाऊ मागतात. घोडेस्वाराच्या आकाराची मोठी बिस्किटं भाजली जातात. हे पाहायला आता प्रवासीही येतात.

तो घोडेस्वार म्हणजे मार्टिन, चौथ्या शतकातला रोमन सैनिक. कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. या सुमाराला मध्येच चार दिवस ऊब येते, तिला ‘सान मार्तिनोचा उन्हाळा’ म्हणतात.

पण उत्तर इटलीतल्या कुळांच्या आणि सालगड्यांच्या पोटात याच दिवशी गोळा यायचा. पेरणी उरकलेली, शेतीचं वर्ष संपलेलं. जमिनीचे करार याच दिवशी संपत. राहतं घरही मालकाचंच. करार पुढे चालला नाही, की जमिनीबरोबर घरही सुटायचं. मग गाडीत गाद्या, भांडी, कोंबड्या आणि लेकरं घालून दुसऱ्या मालकाच्या दारी जायचं.

अर्धेलीच्या करारात बोलणी कर्त्या पुरुषाशी व्हायची, राबायचं मात्र सगळ्या घरानं. बायका शेतात, गोठ्यात आणि रेशमाच्या किड्यांना पाला घालण्यात खपत. पिकाचा अर्धा वाटा मालकाचा. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेब कुठेच नव्हता. नव्या घरात चूल मांडायची, मुलांना रमवायचं, तेही तिनंच.

पुढे लोक कारखान्यांत गेले. 1964 साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. गाड्या थांबल्या, भाषेत मात्र खूण राहिली. ‘सान मार्तिनो करणं’ म्हणजे बिऱ्हाड हलवणं, असं तिकडे अजून म्हणतात.

जत्रेत आलेल्या प्रवाशाला वाइन आणि चेस्टनट दिसतात, बिऱ्हाडाची गाडी दिसत नाही. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या सणालाही कुणाचं वर्ष संपायचं, कुणाचा हिशेब व्हायचा? पुढच्या बैठकीत गटातल्या आजीबाईंना विचारा आणि लिहून ठेवा.